साइझ जुळली होती: एका देवस्थानच्या बॅकअपचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या कचेरीत बॅकअपची वही आहे. साधी, लाल पुठ्ठ्याची. कारकून काका रोज सकाळी आल्या आल्या एक्स्टर्नल डिस्क उघडायचे आणि रात्रीच्या फाइलची तारीख आणि साइझ वहीत उतरवून घ्यायचे. मार्चपासून जूनपर्यंत एक दिवस चुकलेला नाही. २०४ एमबी, २०४ एमबी, २०५ एमबी. जूनमध्ये सर्व्हरची डिस्क गेली, तेव्हा त्या वहीत नोंदलेल्या एकाही फाइलमधून डेटाबेस उभा राहिला नाही. चूक काकांची नव्हती, माझी होती.

आधी मांडणी सांगतो. कचेरीत दोन कॉम्प्युटर. आतल्या खोलीतला सर्व्हर म्हणून वापरतात. विंडोज १०, त्यावर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम. दुसरा पावतीच्या खिडकीवर, त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दोन प्रतींचा कागद. महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) नोंदवही, अभिषेक, देणग्या, अग्रशाळेतल्या (भक्तनिवासातल्या) खोल्या, पावत्या आणि जमाखर्च, सगळं एकाच डेटाबेसमध्ये. टेबलांची नावं रोमन लिपीत असली तरी शब्द मराठीच आहेत: अभिषेक, अग्रशाळा, देणगी, महाजन, पावती, व्यवहार. आतला मजकूर सगळा देवनागरी. ज्या पोराने हे सॉफ्टवेअर लिहिलं तो आता आखातात आहे, त्यामुळे डागडुजी माझ्याकडे आली. गोव्यात देवस्थानचा कारभार अजूनही १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या नियमावलीवर चालतो आणि त्यात मामलेदार हा प्रशासक. त्यामुळे हिशेब हरवला तर प्रकरण कचेरीच्या चार भिंतींत राहत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर गडगडाट झाला. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली होती, तो नुसताच एक जड प्लग झाला होता. वीज तीनदा गेली, तीनदा आली. सकाळी विंडोज सुरू झालं, पण मायएसक्यूएलची सर्व्हिस काही उठेना. मी पोचेपर्यंत दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. कोणीतरी सर्व्हिस दहाबारा वेळा 'स्टार्ट' करून बघितली होती. आणि खजिनदारांच्या ओळखीच्या एका मुलाने खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर नवीन मायएसक्यूएल टाकून आदल्या रात्रीची बॅकअप फाइल इंपोर्ट करायला घेतली होती. त्याचा पुढचा बेत सर्व्हरवरचं जुनं डेटा फोल्डर उडवून तिथे सगळं कोरं इन्स्टॉल करायचा होता. मी दारातूनच ओरडलो. नंतर त्याची माफीही मागितली, पण ते फोल्डर त्या घडीला सोन्याचं होतं.

इंपोर्टने पहिल्याच ओळीला मान टाकली होती. पडद्यावरचा संदेश असा: वाक्यात आस्की शून्य सापडलं, ते चालत नाही, शून्य अपेक्षित असेल तर 'बायनरी मोड' चालू करा. मुलाने सांगितल्याप्रमाणे बायनरी मोड चालू केला, तर आता पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर. हा संदेश फसवा आहे. तो उपाय सुचवतो आणि तो उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. एसक्यूएल डम्प, म्हणजे डेटाबेस आज्ञांच्या रूपात उतरवलेला बॅकअप, ही साधी मजकुराची फाइल. तिच्यात दर दुसऱ्या बाइटला शून्य येत असेल तर तो बायनरी डेटा नाही. ती फाइल युटीएफ-१६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरालाही दोन बाइट घेणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, लिहिली गेली आहे.

हे कळलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ती तशी का लिहिली गेली हे मला लगेच समजलं.

मार्चमध्ये, शिगमो संपल्यावर, मी एका संध्याकाळी दोन कामं करून गेलो होतो. पहिलं काम बॅकअपच्या स्क्रिप्टचं. जुनी बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञांची यादी) बॅकअपच्या नावात तारीख घालायची. कोणीतरी विंडोजमधला तारखेचा साचा बदलला, तारखेत तिरप्या रेघा आल्या आणि फाइलचं नावच बनेना. बॅच फाइलीतला तारखेचा हा छळ ज्याने भोगलाय त्याला कळेल मी वैतागून काय केलं असेल: तीच आज्ञा पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये आज्ञा चालवण्याच्या नव्या सोयीत, नेली. तारीख एका ओळीत सुटली. मायएसक्यूएलडम्पचा (डम्प काढणाऱ्या प्रोग्रॅमचा) आउटपुट मात्र पूर्वीसारखाच 'मोठ्याच्या' (>) चिन्हाने फाइलीत वळवला. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ त्या चिन्हाने लिहिलेली फाइल युटीएफ-१६ मध्ये ठेवतं. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये याचा स्पष्ट इशारा आहे आणि उपायही: चिन्ह वापरू नका, 'रिझल्ट फाइल' हा पर्याय द्या, म्हणजे डम्प स्वतःच फाइल लिहितो आणि पॉवरशेल वाटेत येत नाही. मी ते पान पूर्वी वाचलंही असेन. त्या संध्याकाळी आठवलं नाही.

पण नुसतं युटीएफ-१६ असतं तर एन्कोडिंग बदलून पाच मिनिटांत मोकळा झालो असतो. बदलून बघितलं. इंपोर्ट चालू झाला, पुढे सरकला, आणि संपला. एररही नाही. मी महाजनांची यादी उघडली, तर पडद्यावर ग्रीक अल्फा, लाटेची टोपी घातलेले एन, चौकटीचे तुकडे.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "बाब, हा शेपटीवाला सी आमच्या आजोबांच्या पोर्तुगीज कागदांवर असायचा. देवस्थानचा बॅकअप पोर्तुगिजात कसा गेला?"

हसू आलं, पण काकांनी नेमक्या अक्षरावर बोट ठेवलं होतं. या कचऱ्याला शिस्त होती. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा हलन्त मूळ डम्पच्या युटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक, तिसरा बदलता. पॉवरशेलने ते बाइट युटीएफ-८ म्हणून वाचलेच नाहीत. त्याने कन्सोलचं कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं चिन्ह हे ठरवणारा तक्ता) धरलं, आणि त्या मशीनवर ते होतं ४३७, म्हणजे मूळ आयबीएम पीसीच्या काळचं. त्यात पहिला बाइट म्हणजे अल्फा. दुसरा म्हणजे टोपीवाला एन, कधी लहान, कधी मोठा. 'देव' हा शब्द घ्या. द, एकाराची मात्रा, व, अशा तीन खुणा. पडद्यावर नऊ चिन्हं: अल्फा, लहान एन, वर चढवलेला बारीक ए, मग अल्फा, मोठा एन, शेपटीवाला सी, मग अल्फा, लहान एन, चौकटीचा तुकडा. व्यंजनांना लहान एन, आणि दीर्घ ईकारापासून पुढच्या मात्रांना आणि हलन्ताला मोठा. पाचदहा नावं अशी बघितल्यावर मला ती जवळजवळ वाचता यायला लागली.

या प्रकरणातलं एकमेव नशीब इथे होतं. ४३७ मध्ये २५६ च्या २५६ बाइटना प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह आहे. म्हणजे बिघाड उलटा फिरवता येतो: फाइल युटीएफ-१६ म्हणून वाचायची, प्रत्येक चिन्ह ४३७ मधल्या त्याच्या बाइटवर परत न्यायचं, आणि ते बाइट आहेत तसे नव्या फाइलीत लिहायचे. पायथॉनमध्ये चार ओळी. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं आली असती तर माहिती कायमची गेली असती, कारण प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर काढता येत नाही. कचरा आणि प्रश्नचिन्ह यांत हा फरक आहे, आणि घाबरलेल्या माणसाला तो दिसत नाही. मी स्वतः पूर्वी एका दुकानदाराची अशी फाइल 'गेली' म्हणून सोडून दिली होती. ती आज आठवते.

चार ओळी चालवल्या. महाजनांची नावं आली, गोत्रं आली, वाड्यांची नावं आली. काकांनी स्वतःचं नाव शोधलं आणि मान हलवली. मग त्यांनीच विचारलं, "पावत्या कुठे आहेत?"

नव्हत्या. पावतीचं टेबलच नव्हतं. व्यवहाराचंही नाही.

दुरुस्त केलेल्या फाइलीच्या तळाशी गेलो. मायएसक्यूएलडम्प नीट संपला की शेवटी 'डम्प कम्प्लीटेड ऑन' अशी तारखेसकट एक ओळ लिहितो. ती नव्हती. फाइल महाजन टेबलापाशी संपत होती. टेबलं रोमन वर्णक्रमाने बाहेर पडतात, त्यामुळे अभिषेक, अग्रशाळा, देणगी, महाजन आले आणि पावती, व्यवहार राहिले. मधे काय होतं? 'महाजन यादी' नावाचा एक व्ह्यू, म्हणजे स्वतःचा डेटा नसलेलं, दुसऱ्या टेबलांवरून बनणारं आभासी टेबल.

आता त्या संध्याकाळचं दुसरं काम. वर्गणीचं एक जुनं, निरुपयोगी टेबल मी काढून टाकलं होतं. तो व्ह्यू त्या टेबलावर उभा होता. सॉफ्टवेअर तो वापरत नव्हतं म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. डम्पला मात्र तो वाटेत लागतो. व्ह्यूचा आधारच नाही असं दिसलं की डम्प १३५६ क्रमांकाचा एरर देऊन तिथेच थांबतो. 'फोर्स' दिलं तर पुढे जातो, पण ते मी दिलं नव्हतं, आणि डोळे मिटून द्यावं असंही नाही. (आमच्या आज्ञेत 'सिंगल ट्रान्झॅक्शन' होतं. ते नसतं तर टेबलं लॉक करतानाच तो अडला असता, फाइल जवळपास रिकामी निघाली असती आणि काकांनी दुसऱ्या दिवशीच मला फोन केला असता.) एररचा मजकूर पडद्यावर जातो, आणि टास्क शेड्युलरच्या (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) कामाला पडदाच नसतो. स्क्रिप्टची शेवटची ओळ फाइल एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करायची, ती यशस्वी, म्हणून शेड्युलरच्या रकान्यात रोज शून्य, म्हणजे 'सगळं ठीक'.

आणि साइझ? पूर्वीची पूर्ण फाइल २०० एमबीच्या आसपास असायची. अर्धा डेटा गेला, म्हणजे १०० च्या आसपास राहायला हवी होती. पण युटीएफ-१६ मध्ये प्रत्येक बाइटचे दोन होतात. शंभराचे पुन्हा दोनशे. दोन चुकांपैकी एकच झाली असती तर वहीत १०० किंवा ४०० चा आकडा उमटला असता आणि कोणीही विचारलं असतं. दोन्ही एकाच संध्याकाळी झाल्या आणि एकमेकींना झाकून बसल्या. मीसुद्धा निघण्याआधी स्क्रिप्ट एकदा चालवून बघितली होती. साइझ जुळली, गाडीला किक मारली.

काम सुरू करण्याआधी घेतलेली माझी स्वतःची प्रत? घेतली होती ना. त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा तुकडा. ती झिप उघडताना सीआरसीला (फाइल शाबूत आहे का ते बघणाऱ्या तपासणीला) अडली. सात दिवसांहून जुन्या फाइली स्क्रिप्ट स्वतःच पुसायची, म्हणून मार्चपूर्वीची चांगली प्रत कुठेच उरली नव्हती.

म्हणजे हातात काय होतं? डम्पमध्ये ए ते एमपर्यंतची टेबलं, आणि मरायला टेकलेली डिस्क.

डिस्क काढली, घरी आणली, दुसऱ्या मशीनला लिनक्समधून लावली आणि डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून वाचता येईल तेवढं उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली. हे काम रात्रभर चालू होतं, आणि ते सगळ्यात आधी करायला हवं. आजारी डिस्कवर सर्व्हिस पुन्हा पुन्हा सुरू करणं म्हणजे मोडलेल्या पायावर धावायला लावणं. सकाळी बहुतेक सगळं वाचलं होतं, थोडे सेक्टर कायमचे गेले होते. पुढचं सगळं त्या प्रतिमेच्याही प्रतीवर केलं.

इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा टेबलं साठवणारा भाग, दुखावलेला डेटाबेस उघडण्यासाठी 'फोर्स रिकव्हरी' नावाचं सेटिंग देतं, १ ते ६ असं. लोक घाईने थेट ६ लावतात. ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, हे मॅन्युअलच सांगतं. मी १ लावलं. सर्व्हर उठला. व्यवहार टेबल सुखरूप बाहेर आलं. महाजन उघडलंच नाही, त्याच्या फाइलीचं पहिलंच पान गेलं होतं. पण महाजन आपल्याकडे डम्पमध्ये होतेच, आदल्या रात्रीपर्यंतचे.

पावती टेबल निम्म्यापर्यंत यायचं आणि एका ठिकाणी सर्व्हर बसायचा. मग क्रमांकाच्या टप्प्यांनी काढलं: सुरुवातीपासून वर, मग शेवटापासून खाली, आणि दोन्ही टोकं हळूहळू जवळ आणत गेलो. इनोडीबीत नोंदी प्रायमरी कीच्या (नोंद ओळखणाऱ्या क्रमांकाच्या) क्रमाने १६ केबीच्या पानांत बसतात. म्हणून पान गेलं की सलग क्रमांक जातात, इकडचातिकडचा एकेक जात नाही. मधे १८७ पावत्यांची दरी राहिली. सगळ्या हिवाळ्यातल्या, जत्रेच्या दिवसांतल्या. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो, पण तो मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसच टिकतो, जत्रेपर्यंत पोचत नाही. त्याचा उपयोग एवढाच झाला की शेवटच्या महिन्याच्या पावत्या आणि लॉगमधल्या नोंदी ताडून बघता आल्या. जुळल्या.

दरी भरली ती डॉट मॅट्रिक्सने. दुसरी प्रत गुलाबी, फिकट, पण कपाटात क्रमाने बांधून ठेवलेली. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली एका संध्याकाळी बसल्या, एक वाचत होती, दुसरी टंकत होती. त्या दिवसांची रोजकीर्द काढून बेरीज घातली तर ५१ रुपये जास्त. तासभर सगळे शोधत बसलो. एक पावती छापून नंतर रद्द केलेली निघाली, कोपऱ्यात काकांच्या अक्षरात 'रद्द'. खजिनदार तेव्हा कुठे खुर्चीत टेकले.

हे सगळं नव्या मशीनवर उभं केलं, जुन्यावर नाही. डम्पमध्ये प्रत्येक टेबलाआधी 'असेल तर पुसून टाक' अशी आज्ञा असते. अर्धवट डम्प जिवंत डेटाबेसवर चढवला तर उरलंसुरलंही पुसलं जाऊ शकतं. उभं केल्यावर तिसरा, किरकोळ बिघाड सापडला: महिनाअखेरच्या जमाखर्चाचं बटण दाबलं की 'प्रोसीजर अस्तित्वात नाही'. ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) डम्पमध्ये आपोआप येतात, स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) येत नाहीत, त्यांना 'रूटीन्स' हा पर्याय द्यावा लागतो. तो जुन्या बॅच फाइलीतही नव्हता, म्हणजे हा बॅकअप अनेक वर्षं अपुराच होता. प्रोसीजर जुन्या डिस्कच्या प्रतीतून काढल्या.

आता स्क्रिप्ट रिझल्ट फाइल वापरते, रूटीन्स घेते, डम्पचा एक्झिट कोड (काम नीट संपलं की नाही ते सांगणारा आकडा) तपासते आणि शेवटची ओळ सापडली नाही तर फाइलच्या नावापुढे 'अपूर्ण' लावते. महिन्याची एक प्रत पुसली जात नाही. यूपीएसला नवी बॅटरी आहे. पण खरा बदल वहीत झाला. साइझचा रकाना मी काकांना खोडायला लावला. दर रविवारी रात्री एक्स्टर्नल डिस्कवरची ताजी फाइल खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर वेगळ्या नावाने रिस्टोअर होते, आणि सोमवारी सकाळी प्रिंटर तीन ओळी छापतो: एकूण पावत्या, शेवटच्या पावतीचा क्रमांक, आणि कुठल्यातरी एका महाजनाचं पूर्ण नाव देवनागरीत. क्रमांक काका हातातल्या पावतीशी ताडतात, नाव वाचतात, सही करतात आणि कागद वहीत चिकटवतात.

तिसऱ्या सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"बाब, मी सही करत नाही. नाव बरोबर आहे. पावतीचा क्रमांक मागच्या सोमवारचाच आहे."

गेलो, बघितलं. झाडलोट करताना एक्स्टर्नल डिस्कची वायर अर्धी निसटली होती आणि आठवडाभर एकही नवी फाइल तिथे पोचली नव्हती. वायर लावली, स्क्रिप्ट चालवली, रिस्टोअर केलं. प्रिंटर खडखडला. काकांनी चष्मा नाकावर सरकवला, क्रमांक दोनदा वाचला आणि पेन मागितलं.